कोन्ती गाडी घेऊ, भो?

पुण्या-मुंबईत आयटीत काम करणाऱ्या प्रत्येक खानदेशी माणसाला हा फोन कधी ना कधी येतोच. मामेभाऊ, शेजारचा, नाहीतर शाळेतला बाकावरचा मित्र. "गाडी टाकायची म्हणतो. कोन्ती घेऊ भो? तू इंजिनिअर आहेस ना!" आपण सॉफ्टवेअरवाले, ट्रकचं बॉनेट कुठून उघडतं तेही आपल्याला माहीत नसतं, हा मुद्दा तिथे गैरलागू असतो. शिवाय फोन फक्त सल्ल्यासाठी नसतो. दोन मिनिटांनी खरा विषय निघतो: "लोनला गॅरेंटर लागतोय एक, पगारदार."

म्हणून मंडळी, या विकांताला ट्रकवर लिहितोय. फोन आला की आपण नेटवर कंपन्यांची माहितीपत्रकं उघडतो आणि हॉर्सपॉवरची तुलना करत बसतो. मला वाटतं ही सुरुवातच उलटी आहे. इंजिन, कंपनी, किती टन, हे प्रश्न शेवटी येतात. पहिला प्रश्न एकच: नियमात बसेल तेवढंच वजन भरून या गाडीचा हप्ता सुटतो का? सुटत नसेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी ती घेऊ नये आणि आपण तिला जामीन राहू नये. बाकी सगळं या प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहे.

तर सुरुवात मालापासून.

जळगाव जिल्ह्यातून काय काय निघतं ते पाहा. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर पट्ट्यातली केळी. जिनिंगमधून कापसाच्या गाठी. डाळ मिलमधून डाळीची पोती. शिवाय पीव्हीसी पाईप आणि ठिबकचं सामान. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याची मिरची, शिरपूरच्या कारखान्यांचा माल. यातल्या प्रत्येक मालाला वेगळी गाडी लागते, आणि ते फक्त टनांवरून कळत नाही.

सुटा कापूस घ्या. हौदा काठोकाठ भरून, फाळक्याच्या वर फुगून, ताडपत्री ताणून बांधली तरी गाडीवर वजन फारसं नसतं. जागा आधी संपते. तोच कापूस प्रेस होऊन १७० किलोची एक अशी गाठ झाली की चित्र पालटतं. तेवढ्याच जागेत वजन कितीतरी जास्त बसतं. पाईप म्हणजे तर वीस-वीस फुटांची पोकळ हवा. तिथे टन विचारायचे नाहीत, हौद्याची लांबी विचारायची. डाळीचं पोतं याच्या बरोबर उलट. म्हणून "किती टनी घेऊ?" या प्रश्नावर पहिला प्रतिप्रश्न असा असावा: तुझ्या मालाने जागा आधी संपते की वजन आधी संपतं?

केळीचं प्रकरण आणखी निराळं. आपल्या भाषेत सांगायचं तर डाळ म्हणजे थ्रूपुट आणि केळी म्हणजे लेटन्सी. डाळ दोन दिवस उशिरा पोचली तर व्यापारी शिव्या देईल, बस. केळीचा घड हिरवा कापला तरी त्याच्या आत घड्याळ सुरू झालेलं असतं. दिल्लीचा रस्ता अकराशे किलोमीटरच्या आसपास. गाडी वाटेत एक दिवस बंद पडली तर माल उतरवताना भाव नाही, वास आधी लागतो. त्यामुळे केळीच्या गाडीसाठी सगळ्यात ताकदवान इंजिन कोणतं हे गौण. कोणत्या गाडीचा मिस्त्री आणि पार्ट सेंधव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत रात्री दोन वाजता मिळेल, ते महत्त्वाचं. निर्यातीची केळी पुठ्ठ्याच्या खोक्यात, १३-१४ अंशांवर, रीफर कंटेनरमधून न्हावा-शेवाला जाते. तो धंदा चांगला, पण रीफर म्हणजे एका कामाची गाडी. खुल्या हौद्याची गाडी जाताना केळी नेते आणि येताना गहू, सिमेंट, फरशी, मिळेल ते आणते.

ओढणारी गाडी घ्यावी का, हेही हल्ली खूप विचारतात. म्हणजे पुढे घोडा, मागे ट्रेलर. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा ती लांबलचक पाती नेणारे ट्रेलर सगळ्यांनी पाहिले आणि पोरांच्या डोळ्यांत ते बसले. २०१८ च्या नियमांनी अशा जोडगाडीची एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर नेली, म्हणजे कागदावर मोठा फायदा. पण ट्रेलरला माल पुरवणारा कारखाना किंवा ठेकेदार बांधलेला हवा. गावातल्या गल्लीत तो वळत नाही, शेताच्या बांधावर जात नाही, आणि काम नसलं की दारात नुसता उभा राहत नाही, हप्ता खात उभा राहतो. पक्कं कंत्राट हातात नसताना पहिली गाडी म्हणून ट्रेलर नको, असं माझं स्पष्ट मत.

आता वजनाचा नियम, कारण पुढचा हिशेब त्यावर आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या सिंगल एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन. त्यामुळे सहा चाकी गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांपर्यंत गेलं आणि दहा चाकीचं २५ वरून २८.५ टनांपर्यंत. हे *एकूण* वजन आहे, गाडी आणि माल मिळून. आपल्याकडे चेसिस घेऊन बॉडी बांधायची पद्धत. लोखंड सढळ हाताने वापरून, पितळी फुलं लावून बॉडी बांधली की बॉडी जितकी जड तितका माल कमी. हे टन फुकटचे नाहीत, जन्मभराचे आहेत.

छोट्या टोकाला दोन ओळी आहेत त्या लक्षात ठेवाव्यात. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. २००५ साली आलेला छोटा हत्ती गल्लोगल्ली दिसायला लागला त्यामागे हेही एक कारण. दुसरी ओळ ७,५०० किलोची. त्याच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. घरचाच माणूस चालवणार असेल, माल फैजपूर-सावद्याहून जळगावपर्यंत किंवा धुळ्यापर्यंतच जाणार असेल, तर या दोन रेषांच्या आतली गाडी कित्येकदा दहा चाकीपेक्षा शहाणपणाची ठरते. जळगाव-धुळे नव्वदेक किलोमीटर. सकाळी जाऊन रात्री घरी. ड्रायव्हरचा पगार नाही, रात्रीचा ढाबा नाही.

पण लांबचा धंदा करायचा असेल तर रस्ता बघावा लागतो. धुळं हे देशातल्या मोजक्या मोक्याच्या चौकांपैकी एक. मुंबई-आग्रा रस्ता उभा, सुरत-नागपूर रस्ता आडवा, आणि खाली छत्रपती संभाजीनगर-सोलापूरकडे जाणारा तिसरा. जुन्या लोकांच्या तोंडी अजून तीन नंबर, सहा नंबर आणि दोनशे अकरा. पाट्यांवर आता ५२, ५३ आणि ६०. नवीन माणूस नकाशा पाहून खूश होतो. ड्रायव्हर मात्र नकाशात घाट शोधतो.

दक्षिणेला चाळीसगावच्या वर कन्नडचा, म्हणजे औट्रम घाट. ऑगस्ट २०२३ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे जड वाहनांना बंदी झाली. ज्यांचा सगळा हिशेब त्या रस्त्यावर होता त्यांचे किलोमीटर एका कागदाने वाढले. उत्तरेला बिजासन घाट. ४ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातून येणारा एक कंटेनर शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

इथे हॉर्सपॉवरवाल्यांना एक छोटं गणित घालतो. २८.५ टनांची गाडी समजा २०० मीटर उंचीचा उतार उतरली. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, शाळेतलंच सूत्र. उत्तर येतं सुमारे ५.६ कोटी ज्यूल, म्हणजे साडेपंधरा युनिट. एखाद्या छोट्या घराची दोन-तीन दिवसांची वीज! ही सगळी ऊर्जा काही मिनिटांत कुठेतरी जायला हवी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, एक्झॉस्ट ब्रेक चालू असेल, तर बराच भाग इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवत उतरलात तर सगळी उष्णता ब्रेक लायनरमध्ये. वर तीन टन जास्तीचे असतील तर लायनरलाही तेवढी जास्त.

म्हणून इंजिन चढावर किती जोमाने खेचतं हे विचारा, पण उतारावर गाडी कशी थांबते हे त्याच्या आधी विचारा. सपाटीवर जास्त पॉवरचा उपयोग तसाही मर्यादित, कारण ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० चा वेगनियंत्रक बसवलेला असतो. (तो काढणारे महाभाग वेगळे.) १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. त्यावर "ड्रायव्हरला कशाला एसी?" म्हणणाऱ्याने मे महिन्यात भुसावळच्या उन्हात दुपारी दोन वाजता इंजिनावर बसून बघावं. ह. घ्या. पण थकलेला ड्रायव्हर आणि झिजलेला लायनर एकाच यादीत येतात.

आता येऊ मुद्द्यावर. पैसा.

खालचे आकडे समजायला धरलेले आहेत, बाजारभाव नाहीत. तुम्ही तुमचे टाका, पद्धत तीच ठेवा. दहा चाकी गाडी, नियमात माल १८ टन. जळगावहून दिल्ली ११०० किलोमीटर. जातानाचं भाडं टनाला ३,००० धरू, म्हणजे ५४,०००. येतानाचं भाडं नेहमी पडेल असतं. टनाला १,८०० धरू, म्हणजे ३२,४००. एकूण ८६,४००. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये आहे असं समजू. दोन्ही बाजूंचं डिझेल ४९,५००. टोल, ड्रायव्हर-क्लीनर, टायरची झीज, हमाली, वाटेतला किरकोळ खर्च मिळून २२,०००. एका फेरीला उरले १४,९००. महिन्याला चार फेऱ्या: ५९,६००.

छान वाटतं ना? आता त्या चारपैकी एकदा परतीचं भाडं मिळालं नाही असं धरा. रिकामी गाडी डिझेल कमी खाते, तरी ३२,४०० बुडाले आणि डिझेलचे जेमतेम सव्वाआठ हजार वाचले. महिन्याची शिल्लक आली साधारण ३५,०००. आणि हप्ता? फायनान्सवाल्याने चांगला महिना धरून बसवलेला, समजा ६५,०००. म्हणजे चांगल्या महिन्यातही पाच हजारांनी कमी, वाईट महिन्यात तीस हजारांनी.

हा खड्डा भरायला मालकाला एकच मार्ग दिसतो. प्रत्येक खेपेला तीन टन जास्त. फेरीला १४,४००, महिन्याला ५७,६००. खड्डा बुजला! यात मालक लबाड असायची गरज नाही. गाडी घेतली त्या दिवशीच हप्त्याच्या आकड्यात ओव्हरलोड लिहिलेला होता.

"पण दंड आहे की!" आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय माल उतरवायचा खर्च. आपल्या उदाहरणात २६,०००. म्हणजे महिन्यात एकदा सापडला तरी तीस हजार उरतात. दंडाने हे थांबत नाही ते यामुळे. सापडेपर्यंत ओव्हरलोड नफ्यातच असतो, आणि त्याची खरी किंमत दंडाच्या पावतीवर नसते. ती पाट्यांवर, टायरवर, लायनरवर आणि पळासनेरच्या उतारासारख्या जागी वसूल होते, कधीकधी तिसऱ्याच माणसाकडून.

आपण सर्व्हर घेताना सरासरी ट्रॅफिक धरत नाही, वाईट दिवस धरतो. ट्रकलाही तेच लावा. हप्ता वाईट महिन्याच्या शिल्लकीत बसला पाहिजे. वरच्या उदाहरणात तो ३५,००० च्या आत हवा. तो आत आणायचे मार्ग तीनच: स्वतःचे पैसे जास्त घाला, लहान गाडी घ्या, किंवा वापरलेली घ्या.

वापरलेली घेताना एक खबरदारी. लिलावात जुनी गाडी स्वस्त दिसते. पण केळीचा मोठा बाजार दिल्लीत, आणि दिल्लीबाहेर नोंदलेल्या, बीएस-४ पेक्षाही जुन्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद झाला. बीएस-४ ला मुदत दिली ती ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. म्हणजे दिल्लीला जायचं तर बीएस-६, एप्रिल २०२० नंतरची. तिला डिझेलबरोबर युरियाही पाजावा लागतो आणि मिस्त्रीकडे पान्याबरोबर लॅपटॉपही लागतो. फक्त खानदेशात किंवा सुरतेकडेच फिरणार असाल तर जुनीही चालून जाईल. नवीनच घ्यायची तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मात्र वाचलेले पैसे हप्ता कमी करायला वापरा. दोन चाकं जास्तीची गाडी घ्यायला नव्हे.

शेवटचा मुद्दा माणसांचा. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा.

१५ फेब्रुवारी २०२१. यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक रात्री उलटला. वर मजूर होते. किमान पंधरा जण गेले, बरेचसे रावेर तालुक्यातले, बाया आणि लहान मुलंही. आपल्या भागात माल भरायला मजूर लागतात आणि काम संपलं की ते त्याच मालावर बसून घरी येतात. हे इतकं रोजचं आहे की कुणाला दिसतच नाही. ट्रकच्या हिशेबात मजुरांची मजुरी असते, मजुरांची *जागा* नसते. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, हे सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात २००२ मध्येच सांगितलंय. गाडी उलटली तर त्या घरात कर्ता माणूसही जातो आणि भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्याही मागे लागतात.

याला उपाय आहे आणि तो गाडी घेतानाच करायचा आहे. आठ-दहा मजूर रोज लागणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळ्या गाडीचं भाडं हिशेबाच्या खर्चाच्या बाजूला लिहा. छोट्या गाड्यांत मागच्या सीटची मोठी केबिन मिळते, ती बघा. त्यामुळे हौदा दोन-तीन फूट कमी होतो, होऊ द्या. आणि हा खर्च लिहिल्यावर हप्ता सुटत नसेल, तर तो धंदा आजवर मजुरांच्या जिवावर सुटत होता, एवढाच त्याचा अर्थ.

मला माहीत आहे, यावर उत्तर येईल: "भो, पुण्यात बसून सांगणं सोपं आहे. सगळेच भरतात. मी नाही भरलं तर भाडं दुसऱ्याला जाईल." हे खोटं नाही. नियमात भरणारा एकटा माणूस बाजारात मार खातो. म्हणूनच त्याला सहीआधी अडवायचं. सही झाल्यावर त्याला निवड उरत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता त्याच्या वतीने निर्णय घेतो. सहीच्या आधी मात्र तो मोकळा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला आपली गरज असते. आपल्याला ट्रकमधलं काही कळत नसलं तरी एक एक्सेल शीट बनवता येते.

तर फोन आला की गाडीचं मॉडेल विचारू नका. तीन आकडे विचारा. नियमात किती टन, परतीचं भाडं चारपैकी किती वेळा, आणि मजूर कशात बसणार. तिन्ही भरून महिनाअखेर हप्ता सुटत असेल तर डोळे मिटून सही करा आणि पेढे मागा. सुटत नसेल तर सही करू नका. भाऊबंदकीत चार दिवस अबोला होईल. होऊ द्या. ओव्हरलोड गाडीचा जामीन राहण्यापेक्षा तो अबोला स्वस्त.